हिलोत सूर्य समुद्रात बुडत नाही

तेवीस वर्षं मी एकच बाई रंगवली.
माडाला रेललेली, कानामागे फूल,
कमरेला गवताचा झगा,
आणि तिच्या पाठीमागे समुद्रात उतरणारा
संत्र्याच्या फोडीसारखा सूर्य.
हॉटेलवाले म्हणायचे : हीच द्या आणखी बारा,
चौथ्या मजल्याला कमी पडतायत.

हिलो आहे बेटाच्या पूर्वेला.
आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येतो
आणि संध्याकाळी मौना केआच्या पाठीमागून
कुणाला न सांगता निघून जातो.
हे मी कधी बोललो नाही.
तो खोटा सूर्य रंगाच्या नळ्यांचे पैसे देत होता,
आईच्या डायलिसिसचेही.

अकरा झाल्या. बारावीसाठी
बहिणीला म्हटलं, उभी राहशील का?
कहिकिना. हुला शिकवते ती,
केआउकाहात, शनिवारी,
गाड्या बाहेर काढून रिकाम्या केलेल्या गॅरेजात.
आली ती रबरी चपला फटफटवत,
दुधी भोपळ्याचा ढोल काखेत मारून.

"गवत? हे कुठलं गवत?
आपण की-ची पानं नेसतो."
आणि फूलही नको म्हणाली.
तिच्याकडे आता लेहुआ कुणी तोडत नाही,
वरच्या रानात ओहिआची झाडं
रोगानं उभ्या उभ्या वाळतायत.
मुली मनगटांना नेचे गुंडाळतात,
नाच संपला की रानाला परत नेऊन ठेवतात.

"हात असाच धर."
"कसा असाच?"
"असा, लाटेसारखा."
ती हसायलाच लागली. "ही लाट नाही रे.
कानिलेहुआ आहे हा.
आपला पाऊस. लेहुआवर वाजणारा."
बोटं वरून झरली, थांबली नाहीत.
"लाट अशी." आणि तळवा उलटला,
जेमतेम बोटभर.

तेवीस वर्षं मी बोटभर चुकत होतो.

मग ती खाली बसली, ढोल जमिनीवर आपटला,
तळव्यानं थोपटला, आणि असं काही म्हणू लागली
जे आईला येतं आणि मला अर्धंच येतं.
उठली तेव्हा गुडघे वाकलेले,
पाय सिमेंटवर, पण सिमेंटला कळत नव्हतं.
मी ब्रश टेकवावा तिथून हात निघून गेलेला.
"जरा थांब ना."
"थांबले तर पाऊस थांबेल.
मग काय काढशील?"

त्या रात्री संत्र्याचा रंग धुऊन टाकला.
पहाटे किनाऱ्यावर गेलो, लाव्हाच्या काळ्या दगडांत
ओहोटीचं पाणी गुळगुळ करत होतं.
काळा केला कुकुईच्या काजळीचा, बापानं शिकवला होता तसा,
लाल केला मातीचा, तो अजून नखांत आहे.
तिला पाठमोरी काढली.
कहिकिना म्हणजे पूर्व,
तेव्हा तोंड तिकडेच.
हात मात्र शेवटपर्यंत आले नाहीत,
तिथे ओल्या रंगावर चिंधी फिरवली
आणि तसंच ठेवलं.

व्हिटकोम साहेबांनी लांबून पाहिलं, जवळून पाहिलं.
झगा कुठाय विचारलं नाही, फूलही नाही.
"वा," ते म्हणाले, "काय सूर्यास्त आहे!"
आणि चेक फाडला. मी घेतला.
काय सांगणार.

दोन आठवड्यांनी बिल द्यायला गेलो होतो.
चौथ्या मजल्यावर मारिवेल चादरींची ट्रॉली घेऊन
त्या चित्रापुढे उभी होती.
मला ओळखत नाही ती. उगाच बोलल्यासारखं बोलली,
"ही सकाळ आहे ना?
मी रोज पाचच्या बसनं येते."

आणि ट्रॉली ढकलत पुढे गेली.
एक चाक कुरकुरत होतं.